मुळांची मिळकत आणि मुळांचा खर्च

वनस्पती आपले अन्न पानांत तयार करतात, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या अन्नापैकी किती भाग जमिनीखाली जातो आणि तेथे त्याचे काय होते, याची चर्चा क्वचितच होते. वनस्पतींच्या श्वसनाची मोजमापे घेणाऱ्या शास्त्रज्ञांना असे आढळले आहे की, दिवसभरात प्रकाशसंश्लेषणाने बांधलेल्या कार्बनपैकी सुमारे ८ टक्क्यांपासून ५२ टक्क्यांपर्यंतचा हिस्सा एकट्या मुळांच्या श्वसनात खर्ची पडू शकतो. यांपैकी खालचा आकडा भरपूर अन्नद्रव्ये मिळणाऱ्या आणि झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पतींचा आहे, तर वरचा आकडा निकस माध्यमात संथपणे वाढणाऱ्या वनस्पतींचा आहे. मुळांचे शरीर बांधण्यासाठी वापरलेला कार्बन या हिशेबात धरलेला नाही. ही केवळ जाळली गेलेली, म्हणजे ऊर्जेसाठी मोडून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने मातीतील हवेत परत गेलेली साखर होय. ज्या वनस्पतीला मातीतून थोडेच मिळते, तिलाच आपल्या कमाईचा मोठा भाग त्या थोडक्यासाठी घालावा लागतो, असा याचा अर्थ होतो.

मुळांच्या या खर्चाची शास्त्रज्ञांनी तीन खाती मांडली आहेत. पहिले खाते नव्या पेशी घडवण्याचे, म्हणजे वाढीचे. दुसरे असलेल्या पेशी कार्यक्षम ठेवण्याचे, म्हणजे देखभालीचे. आणि तिसरे मातीतील अन्नद्रव्ये आत घेण्याचे, म्हणजे शोषणाचे. कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसली, तरी दुसऱ्या आणि तिसऱ्या खात्यांमधील सीमारेषा प्रत्यक्षात धूसर आहे, कारण आत घेतलेले अन्नद्रव्य आतच राहील याची शाश्वती मुळांना कधीच नसते. ते धरून ठेवण्यासाठी अखंड ऊर्जा लागते, आणि ही ऊर्जा ज्या क्षणी खंडित होते त्या क्षणापासून मिळवलेले परत जाऊ लागते. मिळवण्याच्या खर्चाइतकाच धरून ठेवण्याचा खर्च महत्त्वाचा आहे, आणि पिकांच्या पोषणाचा विचार करताना नेमका तोच नजरेआड होतो.

मुळे पाणी ओढतात आणि त्या पाण्यात विरघळलेली खते आपोआप आत जातात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे मुळांत अन्नद्रव्य चढते असे मानले, तर मुळांना करण्यासारखे काम उरतच नाही. या समजुतीला ठोस प्रयोगांचे आव्हान दिले ते कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेनिस होगलंड यांनी. १९२०च्या दशकात त्यांनी नायटेला नावाच्या गोड्या पाण्यातील शेवाळाचा अभ्यास केला. या शेवाळाची एकेक पेशी काही सेंटिमीटर लांब असते, त्यामुळे तिच्यातील रस वेगळा काढून तपासता येतो. त्या रसात पोटॅशियम आणि क्लोराइड यांचे प्रमाण भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट अधिक असल्याचे दिसून आले. विरघळलेला पदार्थ स्वभावतः दाटीकडून विरळाईकडे पसरतो. येथे तो उलट दिशेने गेलेला होता. पुढे १९३६ मध्ये होगलंड आणि ब्रॉयर यांनी सातूची कापलेली मुळे द्रावणात ठेवून दाखवून दिले की, द्रावणात हवा खेळती असेल आणि मुळांत साखरेचा साठा असेल तरच ती क्षार साठवतात; हवेऐवजी नायट्रोजन वायू सोडला किंवा तापमान फार उतरवले, तर हे काम थंडावते. कापलेल्या मुळांना पाने नसतात, पाने नसल्याने पाण्याची वरची ओढही नसते, आणि तरीही ती अन्नद्रव्ये गोळा करतात, ही गोष्ट त्या प्रयोगाने निर्विवाद केली.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये हेन्रिक लुंडेगोर्द यांना असे आढळले होते की, गव्हाची मुळे शुद्ध पाण्यातून क्षारांच्या द्रावणात हलवली की त्यांचे श्वसन लगेच वाढते. त्यांनी या वाढीसाठी सुचवलेली यंत्रणा पुढे टिकली नाही, निरीक्षण मात्र टिकले. १९५२ मध्ये इमॅन्युएल एपस्टाइन आणि हेगेन यांनी सातूच्या मुळांवर प्रयोग करून दाखवले की, द्रावणातील क्षाराचे प्रमाण वाढवत नेले तरी शोषणाचा वेग एका मर्यादेनंतर वाढत नाही, आणि पोटॅशियम व त्याच्यासारखेच रुबिडियम हे दोघे एकाच जागेसाठी परस्परांशी स्पर्धा करतात. हे वर्तन विकरांच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांच्या, वर्तनाशी जुळणारे होते. मुळांच्या पेशीपटलात ठरावीक संख्येने वाहक असतात आणि अन्नद्रव्याला त्यांच्यामार्फतच आत यावे लागते, हा निष्कर्ष त्यातून पुढे आला.

या वाहकांना ऊर्जा कशी मिळते, याचे उत्तर पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताच्या चौकटीत सापडले. या सिद्धान्तासाठी त्यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मुळांच्या पेशीपटलात एक प्रथिन असते, जे एटीपी या पेशीच्या ऊर्जावाहक रेणूचा एक रेणू मोडून एक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा धनभारित कण, पेशीबाहेर ढकलते. हा प्रोटॉनपंप अहोरात्र चालू असतो. त्याच्यामुळे पेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत ऋणभारित राहतो आणि मुळालगतची माती किंचित आम्लधर्मी होते. आतबाहेरचा हा विद्युत्‌फरक सुमारे १०० ते १८० मिलिव्होल्ट इतका असतो. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु पेशीपटलाची जाडी मीटरच्या १० कोटीव्या भागाहूनही कमी असल्याने, त्या जाडीतील विद्युत्‌क्षेत्राची तीव्रता मीटरमागे १ ते २ कोटी व्होल्टच्या घरात जाते. बाहेर साचलेले प्रोटॉन आत परतण्यासाठी सतत ओढले जातात, आणि परतताना जे वाहक त्यांना वाट देतात ते सोबत नायट्रेट, स्फुरद किंवा गंधक यांचे आयन, म्हणजे विद्युत्‌भारित कण, आत घेऊन येतात.

यावरून प्रत्येक अन्नद्रव्याची किंमत निराळी का असते, हे समजते. पालाश, म्हणजे पोटॅशियम, धनभारित असल्याने ऋणभारित पेशीकडे आपसूक ओढले जाते. विद्युत्‌फरक १८० मिलिव्होल्टच्या आसपास असेल तर मातीतील द्रावणापेक्षा हजारपट दाट पोटॅशियम पेशीत राहू शकते, आणि त्यासाठी वेगळा वाहक चालवावा लागत नाही. तो विद्युत्‌फरक टिकवण्याचा खर्च मात्र पंपाला करावाच लागतो. नायट्रेट स्वतः ऋणभारित असल्याने पेशी त्याला दूर लोटते. त्याचा एक आयन आत आणण्यासाठी साधारणपणे दोन प्रोटॉन सोबत द्यावे लागतात, म्हणजे किमान दोन एटीपी खर्ची पडतात. स्फुरदाची स्थिती सर्वांत बिकट. मातीतील द्रावणात त्याचे प्रमाण बहुधा लिटरमागे काही मायक्रोमोल, म्हणजे मोलचे काही दशलक्षांश इतकेच असते, तर पेशीत ते त्याच्या हजारो पट ठेवावे लागते, आणि त्याचाही भार ऋण असतो.

नत्राच्या बाबतीत आत आल्यावरही खर्च संपत नाही. नायट्रेटचे रूपांतर अमोनियममध्ये झाल्याशिवाय त्यापासून अमिनो आम्ले व प्रथिने बनत नाहीत, आणि या रूपांतरासाठी नायट्रेटच्या प्रत्येक आयनाला आठ इलेक्ट्रॉन पुरवावे लागतात. मुळांत हे काम करायचे तर त्यासाठीही साखर मोडावी लागते. पानांत मात्र भरपूर उजेड असताना प्रकाशसंश्लेषणातून मिळणारे इलेक्ट्रॉन थेट वापरता येतात. म्हणूनच अनेक वनस्पती मुळांनी घेतलेले नायट्रेट तसेच वर पानांकडे धाडतात आणि तेथे ते कमी खर्चात वापरात आणतात.

असे असेल तर मातीतून थेट अमोनियमच घ्यावे हे वनस्पतीला स्वस्त पडायला हवे. ते धनभारित असते आणि त्याच्या रूपांतराचा खर्चही नसतो. भातासारख्या पिकाला हा मार्ग खरोखर मानवतो. सातूसारख्या पिकाला मात्र अमोनियम अधिक झाले की त्याची बाधा होते, आणि त्या बाधेचे एक कारण कॅनडातील ब्रिट्टो, क्रॉन्झुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पुढे आणले. सातूच्या मुळांत अमोनियम सहज शिरते, पण शिरलेले रोखणे त्यांना जमत नाही. मग मुळे आत आलेल्या अमोनियमचा फार मोठा भाग, सुमारे ८० टक्क्यांपर्यंत, ऊर्जा खर्चून पुन्हा बाहेर फेकत राहतात. बाहेर फेकलेले पुन्हा आत येते आणि पुन्हा फेकावे लागते. या निष्फळ फेऱ्यात मुळांचे श्वसन सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याचे त्या प्रयोगांत दिसले, आणि त्या बदल्यात वनस्पतीच्या पदरात काहीच पडले नाही. भाताच्या मुळांत असा फेरा सुरू होत नाही. चोपण व खारवट जमिनीत सोडियमच्या बाबतीतही जवळपास हेच घडते: आत घुसणारे सोडियम मुळे ऊर्जा खर्चून बाहेर लोटत राहतात, आणि तशातच विद्युत्‌फरक ढासळल्याने मोलाचे पोटॅशियम बाहेर निसटत असते.

ही गळती रोगाचेच लक्षण असते असे नाही. निरोगी मुळांतही ती अल्प प्रमाणात नेहमी चालू असते. नेदरलँड्समधील संशोधकांनी गवताच्या जलद व संथ वाढणाऱ्या जातींची तुलना केली, तेव्हा संथ वाढणाऱ्या जातींची मुळे तेवढेच नायट्रेट पदरात पाडण्यासाठी अधिक श्वसन करतात, असे दिसले. याचे कारण त्यांचे वाहक अकार्यक्षम असणे हे नव्हते. त्यांच्या मुळांतून आत घेतलेल्या नायट्रेटचा मोठा वाटा पुन्हा बाहेर झिरपत होता आणि तो भरून काढण्यासाठी दुबार मेहनत घ्यावी लागत होती. मुळांच्या श्वसनाची मोजमापे घेताना केवळ निव्वळ शोषण पाहिले, तर हा खर्च दिसतच नाही. तो पाहण्यासाठी आत येणारे आणि बाहेर जाणारे अशा दोन्ही प्रवाहांची वेगवेगळी नोंद करावी लागते.

गळती रोखण्यासाठी मुळांनी जी रचना विकसित केली आहे ती वनस्पतीच्या शरीरातील अत्यंत विलक्षण रचनांपैकी एक होय. मुळाच्या बाहेरच्या थरांत पेशींच्या भिंतींमधून पाणी व क्षार मोकळेपणे फिरू शकतात. परंतु मधल्या वाहिन्यांच्या गाभ्याभोवती अंतस्त्वचा नावाचा पेशींचा एक थर असतो, आणि त्या थरातील प्रत्येक पेशीच्या भिंतीत लिग्निन या लाकडी द्रव्याचा एक पट्टा कोरल्यासारखा बसवलेला असतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅस्पेरी यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचे वर्णन केल्यामुळे तो कॅस्पेरी पट्टा म्हणून ओळखला जातो. शेजारच्या पेशींचे पट्टे एकमेकांना अचूक जोडलेले असल्याने भिंतींमधून आत जाण्याची वाट तेथे बंद होते आणि प्रत्येक आयनाला कोणत्या तरी जिवंत पेशीच्या पटलातून, म्हणजे वाहकाच्या परवानगीने, आत जावे लागते. तितकेच महत्त्वाचे म्हणजे, गाभ्यात जमा झालेली अन्नद्रव्ये त्या वाटेने मातीत परत जाऊ शकत नाहीत.

या पट्ट्यानंतर अंतस्त्वचेच्या पेशींवर सुबेरिन या मेणासारख्या द्रव्याचा आणखी एक लेप चढतो. हा लेप एकदा चढला की कायमचा, असे पूर्वी मानले जात असे. स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठात निको गेल्डनर यांच्या प्रयोगशाळेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने ही कल्पना बदलली. अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहानशा वनस्पतीला पोटॅशियम किंवा गंधक कमी पडले की तिची मुळे सुबेरिनचा लेप वाढवतात, आणि लोह, जस्त किंवा मंगल कमी पडले की तो कमी करतात. पहिल्या स्थितीत हाती असलेले निसटू न देणे मोलाचे ठरते, दुसऱ्या स्थितीत शोषणासाठी अधिक पेशी मोकळ्या ठेवणे. घेणे आणि राखणे यांतील तोल मूळ असे परिस्थितीनुसार बदलत असते, आणि त्यासाठी लागणारे लिग्निन व सुबेरिन हेदेखील पानांतून आलेल्या कार्बनचेच बनलेले असतात.

आता या साऱ्या व्यवहाराला लागणाऱ्या एका गोष्टीकडे वळले पाहिजे, जी खतांच्या पिशवीत मिळत नाही. ग्लुकोजच्या एका रेणूपासून ऑक्सिजनच्या साहाय्याने पेशीला सुमारे ३० एटीपी मिळतात. ऑक्सिजन नसेल तर केवळ दोन. पाण्यात ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे १० हजार पट मंद गतीने पसरतो. त्यामुळे मातीतील पोकळ्या पाण्याने भरून गेल्या की वरचा ऑक्सिजन खाली पोहोचत नाही, आणि उबदार मातीत मुळे व सूक्ष्मजीव मिळून उरलासुरला ऑक्सिजन थोड्याच वेळात संपवतात. महाराष्ट्रातील शेतकरी मातीत ओल आणि हवा या दोन्ही गोष्टी जुळून आलेल्या अवस्थेला वापसा म्हणतात आणि पेरणीपासून कोळपणीपर्यंतची कामे वापसा पाहूनच करतात. मुळांच्या ऊर्जेच्या दृष्टीने पाहता वापसा ही मशागतीच्या सोयीपुरती गोष्ट नाही. प्रोटॉनपंप चालू राहण्याची ती अट आहे.

विदर्भ व मराठवाड्याच्या भारी काळ्या जमिनीत जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली आणि पाणी तुंबले की कपाशी, तूर व सोयाबीन पिवळी पडतात. त्या वेळी मातीत नत्र शिल्लक असले तरी ते घेण्याची ताकद मुळांत उरलेली नसते. एटीपी आटला की पंप मंदावतो, विद्युत्‌फरक कोसळतो आणि आधी साठवलेले पोटॅशियम बाहेर वाहू लागते. शिवाय पेशीचा आतला द्रव आम्लधर्मी होतो आणि त्या आम्लतेने पटलातील पाण्याची प्रवेशद्वारे मिटतात, त्यामुळे पाण्यात उभे असलेले पीक पाण्यावाचून मान टाकते. हे कारण ठाऊक नसले तर अशा पिवळ्या पिकाला मातीतून आणखी खत देण्याचा मोह होतो, आणि ते खत बहुधा वाया जाते. पाणी काढून देणे, वापसा येताच कोळपणी करून मातीत हवा खेळती करणे आणि तोवर युरिया किंवा पोटॅशियम नायट्रेट यांची पानांवर फवारणी करणे, हे उपाय यासाठीच उपयोगी पडतात. फवारणीचा मार्ग निकामी झालेल्या मुळांना वळसा घालतो. सोयाबीनसाठी रुंद वरंबा आणि सरी पाडून पेरणी करण्याची पद्धतही मुळांच्या भोवती हवा राखण्याचेच काम करते. भाताने हा प्रश्न आपल्या शरीररचनेत सोडवला आहे: त्याच्या मुळांत हवेच्या लांब पोकळ्या असतात, त्यांतून पानांकडचा ऑक्सिजन खाचराच्या चिखलात टोकापर्यंत पोहोचतो, आणि वाटेत तो बाहेर गळू नये म्हणून मुळाच्या वरच्या भागात बाह्य थर घट्ट झालेला असतो.

स्फुरदाकडे पुन्हा वळायचे ते अशासाठी की त्याच्या बाबतीत मुळांचा खर्च पेशीपटलावर सुरू होत नाही, त्याच्या बराच आधी मातीत सुरू होतो. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून बसतो आणि द्रावणातून अत्यंत हळू सरकतो. मूळ आपल्या भोवतालचा स्फुरद काही दिवसांतच संपवते आणि नव्या मातीत पोहोचल्यावाचून त्याला दुसरा मिळत नाही. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मूलरोम, म्हणजे मुळाच्या बाह्यपेशींपासून निघणारे केसांसारखे तंतू, वाढवणे. त्याहून दूरचा पल्ला गाठण्यासाठी बहुतेक भूवनस्पती बुरशीची सोबत करतात. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी १८८५ मध्ये या सोबतीला मायकोरायझा हे नाव दिले. स्कॉटलंडमधील रायनी येथील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत तिच्या खुणा आढळतात, म्हणजे ही भागीदारी वनस्पती जमिनीवर स्थिरावत होत्या त्या काळाइतकी जुनी आहे. बुरशीचे धागे मुळांपेक्षा कितीतरी बारीक असल्याने तेवढ्याच कार्बनमध्ये ते फार मोठे क्षेत्र धुंडाळतात, आणि त्याच्या मोबदल्यात वनस्पती त्यांना आपल्या कार्बनचा सुमारे ४ ते २० टक्के वाटा साखर व मेदांच्या रूपाने देते.

काही वनस्पती मातीतील स्फुरद रसायनांनी सोडवून घेतात. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत नोरिहारु आए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम १९९० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि महाराष्ट्रातील वाचकांना ते विशेष जवळचे वाटावे असे आहे, कारण ते तुरीविषयी आहे. तांबड्या जमिनीत स्फुरद मुख्यतः लोहाशी जखडलेला असतो आणि बहुतेक पिकांना तो मिळत नाही. तुरीची मुळे पिसिडिक आम्ल आणि त्याची जवळची आम्ले मातीत सोडतात, ही आम्ले लोहाला पकडतात आणि स्फुरद मोकळा होतो. खत न घातलेल्या तांबड्या जमिनीत इतर पिके खुरटली तरी तूर उभी राहते, याचे हे एक कारण. हरभरा सायट्रिक व मॅलॉनिक आम्ले सोडून असेच काम करतो. मातीत सोडलेले आम्ल म्हणजे वनस्पतीने आपल्या शरीरातून कायमचा बाहेर टाकलेला कार्बन होय, आणि तो किती असू शकतो याची कल्पना पांढऱ्या ल्युपिन या कडधान्यवर्गीय वनस्पतीवरील मोजमापातून येते: तेरा आठवड्यांच्या ल्युपिनच्या मुळांनी मातीत सोडलेले सायट्रेट त्या वनस्पतीच्या शुष्क वजनाच्या सुमारे २३ टक्के भरले होते.

लोहाच्या बाबतीतही असाच खर्च करावा लागतो. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असूनही ते विरघळत नाही, म्हणून भुईमूग पिवळा पडतो आणि उसावर शेतकरी ज्याला केवडा म्हणतात तो पडतो. भुईमुगासारखी पिके प्रोटॉनपंप जोरात चालवून मुळालगतची माती आम्लधर्मी करतात आणि लोहाला इलेक्ट्रॉन देऊन ते विरघळवतात. परंतु चुना त्या आम्लाला लगेच मारतो, म्हणजे पंपाचे कष्ट मातीतच विरतात. ऊस, गहू, सातू यांसारखी तृणकुळातील पिके लोह पकडणारी खास आम्ले मातीत सोडतात आणि लोहासकट परत आत घेतात, ज्यावर चुन्याचा परिणाम तुलनेने कमी होतो.

घेणे अतिशय महाग झाले तर राखण्याला किती टोकाचे महत्त्व येते, हे ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागात दिसते. तेथील जमिनी कोट्यवधी वर्षे पावसाने धुतल्या जाऊन स्फुरदाला जवळपास पारख्या झाल्या आहेत. त्यांवर वाढणाऱ्या बँक्सिया, हेकिया यांसारख्या प्रोटिएसी कुळातील वनस्पती दाट गुच्छांच्या रूपात मुळे काढतात, थोड्या दिवसांत भरपूर आम्ले सोडून मिळेल तो स्फुरद घेतात आणि मग ते गुच्छ मरू देतात. मरण्यापूर्वी त्यांतील स्फुरद मात्र काढून घेतात. त्यांच्या पानांत पेशीपटलातील स्फुरदयुक्त मेदांची जागा पान पक्व होताना स्फुरद नसलेल्या मेदांनी घेतली जाते आणि मोकळा झालेला स्फुरद नव्या पानांकडे जातो. या वनस्पतींपैकी काहींना स्फुरदाचे शोषण कमी करण्याची क्षमता जवळजवळ उरलेलीच नाही, त्यामुळे त्यांना साधे रासायनिक खत दिले तरी त्या विषबाधेने मरतात. इतर बहुतेक झाडांतही पानगळीपूर्वी पानांतील नत्र व स्फुरदाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग मागे ओढून घेतला जातो, आणि तो जितका मागे येतो तितके पुढच्या हंगामात मुळांचे काम हलके होते.

हवेतील नत्र बांधण्याचा मार्गही फुकटचा नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू नायट्रोजनच्या एका रेणूमागे किमान १६ एटीपी वापरतात, आणि ते सारे पानांतील साखरेतून येतात. म्हणूनच मातीत नायट्रेट मुबलक असले की सोयाबीन व भुईमूग गाठी कमी धरतात.

गेल्या काही दशकांत पीकसुधारणेचे लक्ष या खर्चाकडे वळले आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील जोनाथन लिंच यांनी २०१३ मध्ये मक्यासाठी अशा मुळांची कल्पना मांडली, जी थेट खोल जातील आणि बांधायला व पोसायला स्वस्त पडतील. मुळाच्या बाह्य भागातील पेशी ठरावीक काळाने मरून तेथे पोकळ्या झाल्या, तर त्या पेशींचे श्वसन वाचते, त्यांतील अन्नद्रव्ये परत वापरता येतात, आणि त्याच साखरेत मूळ अधिक खोलवर पोहोचते. मलावीतील कोरडवाहू शेतांत घेतलेल्या चाचण्यांत अशा मक्याने पाण्याच्या ताणातही अधिक दाणे दिले. परंतु पोकळ झालेल्या मुळांत बुरशीला राहायला जागा कमी उरते, आणि वरवर पसरणारी, लांब मूलरोम असलेली मुळे स्फुरद चांगला मिळवत असली तरी दुष्काळात खोल ओलीपर्यंत पोहोचत नाहीत. एकाच मुळाला सर्व अन्नद्रव्यांसाठी एकाच वेळी काटकसर करता येत नाही. दोन पिकांची मुळे मात्र हे काम आपसांत वाटून घेऊ शकतात. मराठवाडा व विदर्भात सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर पेरली जाते, तेव्हा सोयाबीनची मुळे वरच्या थरात सुमारे तीन-साडेतीन महिन्यांत आपले काम उरकतात, आणि तूर सुरुवातीचे आठवडे शेंड्याने फारशी न वाढता सोटमूळ खोल घालते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघून गेल्यावर वरचा थर कोरडा पडू लागतो, त्या वेळी खालच्या थरातील ओल आणि अन्नद्रव्ये घेणारी मुळे तिच्याजवळ आधीच तयार असतात.